अडीच वाजताची कळ

लोम्बोय, बोहोल
५ मे १९९९

मानांग पेलाहिया,

पत्र फाडू नकोस! अक्षर ओळखून तुझा हात फाडायला गेलाच असेल, मी धाकटा भाऊ, ओळखतो ना तुला. पण आधी वाच आणि मग खुशाल चुलीत घाल. सापडलं गं, सापडलं! माझ्या डोक्यात काय घुसलंय ते सापडलं. त्याला नाव आहे! माझ्यासारखे जगभर लोक आहेत म्हणे, गोरे, काळे, शिकलेले, अडाणी, आणि सगळे माझ्यासारखेच भिंतीवर डोकं आपटतात. काल दुपारपासून मी नुसता नाचतोय. रुफिना म्हणते, "आधी डोकं दुखून वेडा होतास, आता थांबलंय म्हणून वेडा झालास."

काल तुझ्या या भावजयीची, रुफिनाची, दाढ काढायला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. ती आत, मी बाहेर बाकावर. पोटात भात पडलेला, वर पंखा फिरतोय, माझा डोळा लागला. आणि अडीच वाजले. मला घड्याळ बघावं लागत नाही, तुला माहीत आहे. डाव्या डोळ्याच्या मागे ती कळ उठली, कुणी तापलेली सुरी आतून फिरवतंय अशी. मी उठलो आणि सुटलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत इकडे. डोळ्यातून धार, डाव्याच नाकपुडीतून पाणी, आणि डोकं खांबावर धाड धाड. बायका पोरांना घेऊन पळाल्या. दारावरचा शिपाई आला, "ए बाबा, भरदुपारी पिऊन आलास होय? चल नीघ!" त्याने दंड धरला, मी त्याला ढकलला, दुसरा शिपाई धावला.

तेवढ्यात एक चष्मेवाली पोरगी आली. मला वाटलं नर्स असेल. ती म्हणाली, "सोडा त्यांना. चालू दे." आणि मानांग, ती माझ्या बरोबरीने चालायला लागली! हातातल्या घड्याळाकडे बघत, मी फिरेन तिथे फिरत.

"बाबा, दुखताना पडून राहावंसं वाटतं की चालावंसं?"

"पडून? अहो बाई, मला जमीन पुरत नाही चालायला!"

"नेहमी डावीकडेच?"

"उजवीला कधी शिवलंसुद्धा नाही."

"किती वेळ टिकतं?"

"तीन-चार माड चढून उतरेन एवढा वेळ."

"रोज याच वेळेला? आणि वर्षातून ठरावीक दिवसांतच?"

मी थबकलो. त्या कळेतही थबकलो. माझ्या आयुष्यातली गोष्ट हिला कुणी सांगितली? "एप्रिल संपताना सुरू होतं," मी म्हटलं, "आणि जूनमध्ये गायब. मग वर्षभर नाव नाही. अकरा वर्षं झाली. वैदूने धुरी दिली, तीन दाढा उपटून झाल्या, नाकात तेल घातलं, चष्मा घेतला, सगळं करून झालं."

ती हसली. चेष्टेने नाही, तिला खरंच आनंद झाला होता. हरवलेली कोंबडी सापडल्यावर तू हसायचीस ना, तशी. मला आत नेऊन तिने तोंडावर मुखवटा चढवला, सिलिंडरची चावी पार उघडली आणि म्हणाली, "बसा, पुढे वाका आणि खोल श्वास घ्या." साधा ऑक्सिजन होता गं, दुसरं काही नाही. बारा मिनिटांत ती कळ उतरली. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्या सांगण्यावरून गेली! मी त्या शिपायाच्या हाताचा मुका घेतला. तो अजून हात पुसत असेल.

त्या पोरगीचं नाव डॉक्टर लुमायाग. ती म्हणाली, याला क्लस्टर डोकेदुखी म्हणतात. माडाला नारळ धरतात तशी घडाने येते, काही आठवडे रोज, मग महिनोन्‌महिने काही नाही. डोक्यात म्हणे एक घड्याळ असतं सगळ्यांच्याच, माझं तिथे कुठेतरी अडतं. नक्की का, ते अजून कुणालाच ठाऊक नाही. अर्धशिशीवाला अंधारात गप्प पडून राहतो, आणि हा माणूस जागेवर थांबू शकत नाही, तिने त्यावरूनच ओळखलं.

आणि मग तिने विचारलं, "या दिवसांत दारू घेतली तर काय होतं?"

काय होतं ते तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? सहा वर्षांपूर्वी आपल्या संताच्या, सान इसिद्रोच्या सणाला तूच माडी वाढत होतीस. एकच पेला, सगळ्यांत फिरणारा, तू भरायचा आणि आम्ही रिकामा करायचा. सगळे प्यायले, मीही प्यायलो, आणि अर्ध्या तासात मी जमिनीवर. सगळ्या गावासमोर मी तुझ्याकडे बोट दाखवून ओरडलो, "हिच्या अंगठ्याच्या नखाखाली विष आहे! हिने पेल्यात नख बुडवलं!" आणि त्याच महिन्यात तुला लेकीला घेऊन गाव सोडावं लागलं, समुद्रापलीकडे कामिगिनला.

डॉक्टर म्हणाली, "या आठवड्यांत दारूचा घोट गेला की तासाभरात कळ येतेच. कुणीही वाढू दे, कुठलीही असू दे. बाकी वर्षभर काही होत नाही."

कुणीही वाढू दे, मानांग!

सणाला दहा दिवस आहेत. साऱ्या लोम्बोयला ओरडून सांगतो की नाही बघ.

तुझा भाऊ,
तिबुर्सियो

---

८ मे

मानांग,

दाल्मासियो नावाडी म्हणाला की पाकीट तुझ्या हातात दिलं आणि तू त्याच्या तोंडावर दार लावलंस. लाव. पण पाकीट परत आलं नाही, एवढ्यावर मी खूश आहे.

इकडे धमाल! डॉक्टरने सिलिंडर घरी न्यायला दिला, चांगला माझ्या छातीएवढा. "वेल्डिंगवाल्याकडचा वापरायचा नाही, आणि याच्याजवळ विडी पेटवलीत तर डोकेदुखीसकट डोकं जाईल," असं दहादा बजावलं. तीनचाकीवर आडवा बांधून आणला, लांबून शवपेटीच वाटावी. गावात शिरलो तर बायका जपमाळा घेऊन पाठोपाठ! "कोण गेलं? कोण गेलं गं?" रुफिना म्हणाली, "अजून कुणी नाही. पण हा माणूस असाच वागत राहिला तर मी जाईन."

रात्रीचं जेवण उरकून सगळे गावप्रमुखाच्या, कापितान बेर्तोच्या अंगणात जमतात, तिथेच मी तोंड उघडलं. नाव सांगितलं, घड्याळ सांगितलं, मुखवटा चढवून दाखवला. कापितान म्हणाला, "म्हणजे तुझ्या डोक्यात वारा कमी, म्हणून भरून घ्यायचा?" सगळे खो खो हसले. मीही हसलो.

पण उर्सुला हसली नाही. तुझ्या लेकीचं, जोविताचं, ठरलेलं लग्न मोडलं ती उर्सुला, नवऱ्या मुलाची आई. ती म्हणाली, "डॉक्टर कालची पोर. विष हाडात मुरतं, वर्षांनी वर येतं. आणि समुद्र काय अडवतोय? कामिगिनहूनसुद्धा पाठवता येतं." माना डोलल्या. मानांग, ज्यांच्या बाळंतपणात तू रात्र रात्र बसलीस, त्यांच्याही माना डोलल्या.

मला असा संताप आला! उभा राहिलो आणि म्हटलं, "ठीक आहे. सणाच्या दिवशी सगळ्यांसमोर मी माडी पितो. पेलाहिया समुद्रापलीकडे. पेला ज्याला माझ्यावर विश्वास नाही त्याने भरायचा. सकाळी दहाला, माझ्या वेळेला नाही. अर्ध्या तासात कळ आली तर कबूल करायचं की दोष माडीचाही नाही, वाढणारीचाही नाही, माझ्या डोक्याचा आहे."

उर्सुला म्हणाली, "मी भरते. नखं मुळापासून कापते, हात साबणाने धुते आणि तुझ्या आधी मी स्वतः पिते."

वा रे वा! मला आणखी काय पाहिजे!

आता एकच भानगड आहे. डॉक्टरने सिलिंडरबरोबर गोळ्याही दिल्यात. त्या घेतल्या तर हा घड लवकर आटोपेल म्हणाली. आणि घड आटोपला तर? मग बादलीभर माडी प्यायलो तरी काही होणार नाही, सगळे म्हणतील तिबो खोटारडा आणि पेलाहिया तशीच. म्हणून गोळ्या मी तांदळाच्या डब्यात तळाशी खुपसल्यात. पंधरा तारखेपर्यंत माझं डोकं दुखत राहिलं पाहिजे, एवढीच देवाकडे मागणी आहे. असली मागणी सान इसिद्रोने कधी ऐकली नसेल.

तिबो

---

११ मे

मानांग,

तुझा कागद मिळाला. सहा वर्षांत पहिला. तीनच वाक्यं आहेत, मला पाठ झालीत. "डॉक्टरला तू अकरा वर्षं सांगितलंस. मला जाऊन सहा झाली. मधली सहा वर्षं तुझं डोकं दुखत होतं का?"

तुझ्यापासून कधी काही लपलंय का? लहानपणी मी गूळ चोरला तर तू माझं तोंड न बघता हात बघायचीस.

हो, दुखत होतं.

तू मे महिन्यात गेलीस. पुढच्या एप्रिलच्या शेवटी मी माडाखाली आडवा झालो होतो. माडीचा थेंब पोटात नव्हता, महिनाभर नव्हता. तू नाहीस, जोविता नाही, तुमच्या घराला कुलूप. आणि अडीच वाजता ती आली, तशीच, डावीकडे. त्याच दुपारी मला कळलं की तू काही केलं नव्हतंस. रोगाचं नाव मला गेल्या आठवड्यात कळलं. पण तुझा दोष नाही हे मला पाच वर्षं माहीत आहे.

आणि मी काय केलं? होडी काढली. दर वर्षी त्या सहा-सात आठवड्यांत रोज दुपारी मासे धरायला जातो म्हणून सांगायचो. लांब जाऊन सदरा तोंडात कोंबायचा आणि होडीच्या काठावर डोकं आपटायचं. रिकामा परत यायचो. रुफिनाला वाटलं मी पलीकडच्या बेटावर बाई ठेवलीय. तिने दोन वर्षं माझ्याशी अबोला धरला, तरी मी सांगितलं नाही. कारण गावात सगळे म्हणत होते, "बघा, पेलाहिया गेली आणि तिबोचं डोकं थांबलं." मला ते ऐकत बसावं लागायचं. खोटं कशाला बोलू, ऐकायला बरंही वाटायचं. मी गावाला विषारी बाईपासून वाचवलं होतं ना. मला पहिला पेला मिळायचा.

परवा अंगणातही मी हेच म्हटलं की यंदा पुन्हा सुरू झालंय. पाच वर्षांबद्दल चकार शब्द काढला नाही. रोगाचं नाव सापडलं तेव्हा मी का नाचलो, खरं सांगू? दुखणं थांबलं म्हणून नाचलो, ते आहेच. पण मला वाटलं आता चूक माझी उरली नाही, रोगाची झाली. मला वाटलं सुटलो.

तू तीन वाक्यांत धरलंस.

मी पंधरा तारखेचं रद्द करत नाही. तो तुझा हक्क आहे.

तिबो

---

१६ मे

मानांग गं!

कुठून सुरू करू?

आधी रुफिना. भात घालायला डब्यात हात घातला आणि गोळ्या हाताला लागल्या. सरळ नगरपालिकेत जाऊन डॉक्टरला फोन केला. सणाच्या दिवशी सकाळी आठच्या बसमधून डॉक्टर लुमायाग हजर! पिशवीत नवा मुखवटा, चेहरा लाल.

"तिबो, तुम्ही गाढव आहात."

"आहे, बाई."

"मुद्दाम कळ आणतात का कुणी? हे मी चालू देणार नाही."

मी तिला बाजूला घेऊन तुझं सगळं सांगितलं. जोविताचंही. तिने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "एकच पेला. मी शेजारी बसणार. मी सांगितलं की मुखवटा चढवायचा, आणि उद्यापासून गोळ्या माझ्या हिशोबाने." मी तिच्या पायाच पडणार होतो.

दहा वाजता चर्चच्या अंगणात सारा गाव. कापितानच्या डुकराखाली निखारे, पोरं झाडांवर. उर्सुलाने सगळ्यांना हात दाखवले, नखं इतकी कापली होती की बोटं लाल झाली होती. सकाळची ताजी माडी. पहिली धार नेहमीसारखी जमिनीवर, मग कापितान प्यायला, मग उर्सुला प्यायली, मग तिने भरून मला दिला. मी एका घोटात संपवला.

दहा मिनिटं काही नाही. पंधरा झाली, काही नाही. वीस मिनिटांनी कुणीतरी मागून ओरडलं, "तिबो, निदान नाटक तरी कर!" हशा! माझ्या अंगाला घाम सुटला. घड संपला की काय? आदल्या दोन दुपारी कळ जरा हलकी होती, मी कुणाला बोललो नव्हतो. मी डोळा मिटून म्हणत होतो, ये गं बाई, अकरा वर्षं न बोलावता आलीस, आज बोलावतोय तर ये! उर्सुला रुमालाने तोंड पुसून उठायला लागली.

आणि आली.

मानांग, आयुष्यात पहिल्यांदा ती कळ आली म्हणून मी हसलो. मग हसू गेलं. मी उठलो, चालायला लागलो, लोक फाकले. डोळ्याला धार लागली, पापणी खाली आली. डॉक्टर मुखवटा घेऊन मागे धावतेय, "पुरे! पुरे झालं!" आणि मी म्हणतोय, "आधी सगळ्यांनी डोळा बघा! जवळ येऊन बघा!" शेवटी तिने आणि रुफिनाने मला धरून बसवलं आणि मुखवटा कोंबला.

आणि तेव्हा काय झालं सांगू? मला वाटलं होतं लोक म्हणतील, बिचारी पेलाहिया. नाही गं! मागून कुणीतरी कुजबुजलं, "म्हणजे उर्सुलाकडेपण आहे." एका बाईने आपलं पोर ओढून घेतलं. उर्सुलाच्या दोन्ही बाजूंचे लोक सरकले. तिची स्वतःची सूनसुद्धा सरकली. ती मधोमध एकटी उभी, आणि आपल्या हातांकडे बघतेय. आलटून पालटून बघतेय, जणू तिलाच खात्री नव्हती.

मी मुखवटा ओरबाडून काढला. "अरे मूर्खांनो! तिचं काही नाही! तिच्या आधी पेलाहियाचं काही नव्हतं! अजून किती बायका घालवणार आहात माझ्या एका डोक्यापायी?" डॉक्टरने मुखवटा परत दाबला आणि माझ्याऐवजी तीच बोलली. तिने सगळं पोरांना सांगावं तसं सोपं करून सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "उद्या हे स्वतःच्या हाताने भरून प्यायले तरी हेच होईल. पण मी पिऊ देणार नाही."

कळ उतरली तेव्हा लोक माझ्याभोवती. कापितान रडत होता. "बहिणीसाठी एवढं सोसलंस! असा भाऊ पाहिला नाही!" मला खांद्यावर घ्यायला निघाले. डुकराचा पहिला तुकडा माझ्या हातात. मानांग, तो तुकडा गरम होता, खमंग होता, आणि मला भूक लागली होती.

मी तो खाली ठेवला आणि म्हटलं, "हे मला पाच वर्षं माहीत होतं." मग होडीचं सांगितलं. सदऱ्याचं सांगितलं. तुला लिहिलं ते सगळं सांगितलं, काही गाळलं नाही.

कुणी ओरडलं असतं तर बरं वाटलं असतं. कापितानने टोपी घातली. लोक आपापल्या पानांकडे गेले. वाजंत्रीवाल्यांना कळेना वाजवायचं की नाही, मग त्यांनी हळू वाजवलं. रुफिना माझ्याकडे बघत होती. एवढंच म्हणाली, "म्हणजे बाई नव्हती," आणि घरी चालू लागली.

तिबो

---

२० मे

मानांग,

गोळ्या चालू आहेत. काल दुपारी अडीच वाजता मी जागा राहून वाट बघितली. आलीच नाही. डॉक्टर म्हणते, पुढच्या एप्रिलला बहुतेक परत येईल, तेव्हा पहिल्याच दिवशी तिच्याकडे जायचं. दाढा उपटायला दुसऱ्या कुणाकडे गेलात तर उरलेल्या मीच काढीन, असं म्हणाली.

गावात मला आता पेला देत नाहीत. कुणी भांडत नाही, पेला फिरत फिरत माझ्याजवळ येतो आणि पुढे जातो. बरोबरच आहे.

उर्सुला काल आली. पायरीवर बसली, आत यायला तयार नाही. म्हणाली, "तिबो, ते सगळे माझ्यापासून बाजूला झाले तो वेळ किती असेल रे?" मी म्हटलं, "पाच मिनिटं." ती म्हणाली, "मला पाच मिनिटंसुद्धा उभं राहवलं नाही." मग खूप रडली. तिच्या मुलाचं लग्न तिकडे दुसरीकडे होऊन दोन पोरं झाली, ते काही परत फिरत नाही, आणि जोविताची सहा वर्षंही परत येत नाहीत. ते तिलाही माहीत आहे. तरी ती गुरुवारच्या होडीने कामिगिनला येतेय. हे पत्र तिच्याच हातात आहे. तिला जोविताला काही सांगायचंय. काय ते मला सांगितलं नाही. दार उघडायचं की नाही हे तुम्ही दोघींनी ठरवा. नाही उघडलंत तर ती परतीच्या होडीपर्यंत बाहेर बसेन म्हणाली. आणि ती बसेल, मी तिला ओळखतो.

मी येत नाही. तू बोलावलं नाहीस. आनंदाच्या भरात पहिलं पत्र लिहिताना मी मनातल्या मनात तुझ्याकडे यायला माझी पेटीसुद्धा बांधली होती, आता सोडली. बोलावलंस तर पोहत येईन. नाही बोलावलंस तर मी तुला का म्हणून विचारणार नाही.

एकच सांगतो. आज सकाळी माडावर चढून माडी उतरवत होतो. वरून ऐकू आलं, खाली विहिरीवर दोन बायका बोलत होत्या. एकीच्या सुनेचे दिवस भरत आलेत. ती म्हणाली, "पेलाहिया असती तर बरं झालं असतं." सहा वर्षं या गावात तुझं नाव निघालं की आवाज खाली जायचा. आज तो मला माडाच्या शेंड्यावर ऐकू आला.

तिबो